घाट उतरण्याआधी: शिडाच्या होडीतला फ्रीज

होडी रत्नागिरीला आणि मालक कोल्हापुरात, असं असेल तर सुटं करून आणता येईल ते सगळं काम इकडेच उरकून घ्यावं. उद्यमनगरात स्टीलचा ब्रॅकेट सांगाल तसा वाकवून मिळतो. जेटीवर एक स्क्रू पाण्यात पडला तरी अर्धा दिवस जातो. नारळी पौर्णिमेपर्यंत होडी ताडपत्रीखालीच असते, तेवढ्यात हे करा.

आधी गॅस्केट, म्हणजे झाकणाच्या कडेचं रबर. झाकणात दहाची नोट धरून ओढा, सहज निघाली तर गॅस्केट बदला. मग फ्रीजच्या पेटीच्या भिंती. खरा पैसा इथं घालायचा असतो, पण लोक नवा कॉम्प्रेसर घेऊन मोकळे होतात आणि आत दीड इंची थर्मोकोल तसाच राहतो. किनाऱ्यावरच्या उकाड्याला चार इंच पफ (पॉलियुरेथेनचा फोम) हवा, बर्फ करायचा असेल तर सहा. आतली जागा कमी झाली म्हणून घरचे कुरकुरतील, कुरकुरू देत. जुना थर्मोकोल काढल्यावर हातात तोलून बघा. जड लागला तर पाणी प्यायलाय, सरळ टाकून द्या. तळाच्या ड्रेनच्या नळीला यू आकाराचा वाक ठेवा, त्यात पाणी साचून राहू दे. नाहीतर गार हवा जड असल्यामुळं रात्रभर त्याच भोकातून निसटत राहते.

वायरीचा हिशेब कागदावर मांडा. बॅटरीपासून फ्रीज सहा मीटरवर असला तर जाऊन-येऊन बारा मीटर तांबं झालं. अडीच स्क्वेअर एमएमच्या वायरीत पाच अँपियरला सुमारे ०.४ व्होल्ट वाटेतच जातात, सहा स्क्वेअर एमएममध्ये ०.२ सुद्धा नाही. वायर कल्हईची घ्या, साधं तांबं खाऱ्या हवेत हिरवं पडतं. डॅनफॉसच्या बीडी ३५ जातीचा कॉम्प्रेसर १०.४ व्होल्टला स्वतःहून बंद पडतो आणि ११.७ झाल्याशिवाय परत सुरू होत नाही. कॉम्प्रेसरच्या कंट्रोलरला (त्याला चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्याला) एलईडी जोडलेला असेल तर तो एकदाच लुकलुकतो. तो दिसला की मेकॅनिक ‘गॅस संपला’ म्हणाला तरी आधी व्होल्टेज मोजायला लावा. सीलबंद यंत्रातला गॅस गळतीशिवाय कमी होत नाही.

बॅटरीचं गणित सोपं आहे. फ्रीज चार अँपियरनं दिवसात बारा तास चालला तर ४८ अँपियर-तास, म्हणजे शंभर अँपियर-तासांच्या लेड-ॲसिड बॅटरीचा सुखानं वापरता येणारा निम्मा भाग संपलाच. शंभर वॉटचं सोलर पॅनल चांगल्या उन्हात दिवसाला तीसेक अँपियर-तास परत देतं. भिंती जाड केल्यावर हे आकडे पुन्हा मोजा आणि मगच लिथियम बॅटरीचा भाव विचारा.

कंडेन्सर (फ्रीजमधली उष्णता बाहेर टाकणारी जाळी) ब्रशनं झाडा, पंखा हातानं फिरवून बघा, गरम हवा बाहेर पडायला वाट ठेवा.

शेवटी सगळं जोडून इथंच चालवून बघा, पण रात्री नको. कोल्हापूरच्या रात्रीच्या गारव्यात कुठलाही फ्रीज पास होतो. दुपारी, पत्र्याच्या शेडमध्ये, पेटीत कोमट पाण्याच्या बाटल्या भरून लावा.