हायडेलबर्गला आतड्याच्या कॅन्सरवर काम करायला येताय?

नॉयनहाइमर फेल्डच्या, म्हणजे इथल्या विद्यापीठाच्या विज्ञान परिसराच्या, ट्राममध्ये दरवर्षी एखादा नवा मराठी चेहरा भेटतो. कुणी पुण्याहून आलेला असतो, कुणी खारघरहून. मला इथे येऊन ११ वर्षं झाली. मी जिथे ठेचकाळले तिथेच पुढचे ठेचकाळताना बघवत नाही, म्हणून लिहायला बसले.

घर मिळालं की घरमालकाकडून राहत असल्याचा लेखी कागद घ्या आणि दोन आठवड्यांच्या आत आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची सरकारी नोंदणी, करून टाका. टॅक्स नंबरपासून पुढचं सगळं त्यावर अडतं. रविवारी दुकानं बंद असतात, वाणसामान शनिवारीच भरा.

आता लॅबकडे वळू. माझी सगळ्यात महागात पडलेली चूक आधी सांगते. पहिल्या वर्षी मी एक जनुक बंद केलं की पेशी औषधाला कशी दाद देतात ते पाहत होते. डीएलडी-१ या आतड्याच्या कॅन्सरच्या सेल लाइनमध्ये (रुग्णाच्या गाठीतून घेऊन लॅबमध्ये पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेल्या पेशी) छान निकाल आला. दुजोरा हवा म्हणून शेजारच्या लॅबमधून एचसीटी-१५ ही दुसरी सेल लाइन आणली. तिच्यातही हुबेहूब तोच निकाल. दोन्हींमध्ये केरास (KRAS) या कॅन्सरशी संबंधित जनुकातला बदलही एकच निघाला, तेव्हा तर माझी खात्रीच पटली. सात महिने त्यावर घातले. लेख परीक्षणाला गेला आणि एका परीक्षकाने दोन ओळींत लिहिलं, की या दोन्ही सेल लाइन एकाच रुग्णाच्या आहेत. मी एकाच साक्षीदाराला दोनदा उभं केलं होतं. एचटी-२९ आणि विडर यांचंही तसंच आहे, विडर ही एचटी-२९ च आहे. अन्ननलिकेच्या कॅन्सरची म्हणून वर्षानुवर्षं वापरलेली एसईजी-१ तर २०१० मध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरची निघाली.

म्हणून हात जोडून सांगते, कुणी कितीही प्रेमाने पेशींची व्हायल (छोटी कुपी) दिली तरी आधी सेलोसॉरस या सेल लाइनच्या ऑनलाइन सूचीत तिचं नाव शोधा, ती नोंद फुकट बघता येते. मग एसटीआर तपासणीला, म्हणजे डीएनएवरून पेशींची ओळख पटवायला, नमुना पाठवा आणि मायकोप्लाझ्मा या सूक्ष्म जंतूचा संसर्ग नाही ना, तेही तपासून घ्या. निकाल येईपर्यंत ती व्हायल वेगळ्या इन्क्युबेटरमध्ये ठेवा. ‘सीनियरने दिलीय, कसं विचारायचं’ हा आपल्या लोकांचा संकोच मी दर वर्षी बघते. इथे विचारलं म्हणून कुणी रागावत नाही, न विचारल्याचं मात्र आश्चर्य करतात. इथले नोकरीचे करार मुदतीचे असतात. विद्यापीठात पीएच.डी.नंतर असे करार साधारण ६ वर्षांपर्यंतच करता येतात, तेव्हा वाया गेलेले सात महिने कुठूनही भरून निघत नाहीत.

रुग्णाच्या गाठीपासून ऑर्गनॉइड (पेशींची त्रिमितीय इवलीशी प्रतिकृती) वाढवणार असाल तर दिवस तुमच्या हातात नसतो. ऑपरेशन संपतं, पॅथॉलॉजिस्ट आधी निदानासाठी लागेल तेवढं कापून घेतो आणि उरलेलं तुम्हाला मिळतं. तो मान त्याचाच, घाई करू नका. बर्फातल्या नळीत हरभऱ्याच्या डाळीएवढा तुकडा येतो. आतडं जंतूंनी भरलेलं असतं, त्यामुळे तो अँटिबायोटिकच्या द्रावणात पुन्हा पुन्हा धुवा. मी एकदा घाईत दोनच वेळा धुतला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मीडियम (पेशींचं पोषक द्रावण) जंतूंमुळे पिवळं आणि गढूळ, आणि त्या रुग्णाचा दुसरा तुकडा नव्हता. पेशी ज्यात वाढवतो ते मॅट्रिजेल ऊब लागली की घट्ट होतं. ते रात्रभर फ्रीजमध्ये वितळवा, पिपेटच्या टिपासुद्धा गार करून घ्या, नाहीतर थेंब प्लेटमध्ये पडण्याआधी टिपातच घट्ट होतो.

नळीवर फक्त क्रमांक असतो, पण त्यामागे त्याच आठवड्यात पोट फाडून घेतलेला एक माणूस असतो. त्याच्या संमतीपत्रात लिहिलंय तेवढंच करायचं. नळीचे फोटो व्हॉट्सॲपवर टाकताना मी आपल्या मुलांना पाहिलंय आणि तिथल्या तिथे पुसायलाही लावलेत.

माणसाच्या ऊती हाताळायच्या आहेत, तेव्हा हिपॅटायटिस बीची लस पहिल्याच महिन्यात घ्या.

आणखी एक गोष्ट मला मनापासून खटकते. आपल्याकडून आलेले कित्येकजण प्रोफेसरांपुढे अदबीने उभे राहतात आणि लॅबमधल्या टेक्निकल असिस्टंटला नीट ‘मॉर्गन’ही (सकाळचा नमस्कार) म्हणत नाहीत. पंधरा-वीस वर्षं तेच काम केलेली ती बाई मॅट्रिजेलची कुठली बॅच खराब होती, कुठला फ्रीझर दगा देतो, हे सगळं जाणून असते. मला आतड्याच्या ऊतीचा पातळ काप घ्यायला तिनेच शिकवलं; सलग तीन दुपारी माझ्या मनगटाचा कोन धरून. ती चारला घरी जाते. तुम्ही रात्री दहापर्यंत बसलात याचं तिला कौतुक वाटत नाही, काळजी वाटते. तिला काही विचारायचं असेल तर दुपारच्या जेवणाआधी गाठा, आणि जर्मनमध्ये विचारा, मोडकंतोडकं असलं तरी चालेल.