लघवीला जळजळ होतेय? या चुका टाळा

लघवीला जळजळ सुरू झाली की आधी औषधांचा डबा उघडला जातो. मागच्या वेळी उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन-तीन गोळ्या सापडतात आणि त्या घेतल्या जातात. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. अर्धवट डोसमध्ये जंतू पुरते मरत नाहीत, वर कल्चरमध्येही (लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखण्याची तपासणी) नीट सापडत नाहीत. म्हणून नमुना द्यायचा तो गोळी सुरू करण्याआधी.

नमुना देतानाही गडबड होते. पहिली धार बाटलीत धरली की त्वचेवरचे जंतू त्यात उतरतात आणि रिपोर्टमधून काहीच कळत नाही. जागा पाण्याने धुऊन घ्या, सुरुवातीची लघवी सोडून द्या आणि मधली धार बाटलीत घ्या. झाकणाच्या आतून बोट लागू देऊ नका. दोन तासांत बाटली लॅबमध्ये पोचणार नसेल तर ती फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर जंतू बाटलीतच वाढतात. कल्चरला एक-दोन दिवस लागतात. त्रास जास्त असेल तर डॉक्टर तोवर थांबत नाहीत, औषध सुरू करतात आणि रिपोर्ट पाहून गरज पडल्यास बदलतात.

लघवीची आम्लता कमी करणारं सिरप जळजळ शमवतं, पण जंतू मारत नाही. आराम पडला म्हणून अँटिबायोटिक मध्येच सोडू नका. नायट्रोफ्युरँटॉइन (युरीन इन्फेक्शनवरची एक अँटिबायोटिक) चालू असेल तर हे सिरप डॉक्टरांना विचारूनच घ्या, कारण आम्लता घटली की या गोळीचा जोर कमी पडतो.

उलट चूकही होते. तक्रार काहीच नाही, पण रिपोर्टमध्ये जंतू दिसले म्हणून गोळ्या सुरू! गर्भवतींना अशा वेळी उपचार लागतात, बाकीच्यांना बहुधा नाही. शिवाय प्रत्येक जळजळ म्हणजे युरीन इन्फेक्शन नव्हे. खाज किंवा स्राव असेल तर मामला योनीमार्गाचा किंवा लैंगिक संसर्गाचा असू शकतो.

‘स्वच्छता पाळली नाही म्हणून झालं’ हा टोमणा तर बंदच व्हायला हवा. बहुतेक वेळा कारण असतो ई. कोलाय, आपल्याच आतड्यातला जंतू. बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटरचा, पुरुषांचा साधारण २०, म्हणून बायकांमध्ये जंतू मूत्राशयापर्यंत लवकर पोचतो. शौचानंतर पुढून मागे धुवा, लघवी तुंबवू नका, संबंधानंतर लघवीला जाऊन या. सुगंधी साबणाने आतून धुण्याने मात्र नुकसानच होतं.

थंडी वाजून ताप, बरगडीखाली पाठीत दुखणं किंवा उलट्या असतील तर संसर्ग किडनीपर्यंत गेलेला असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. लहान मुलांमध्ये कधीकधी नुसता तापच दिसतो. पुरुषांनी आणि गर्भवतींनी पहिल्याच वेळी तपासून घ्यावं. सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा त्रास झाला, तर दर वेळी तीच गोळी मागण्यापेक्षा शुगर, खडा किंवा वाढलेलं प्रोस्टेट यांची तपासणी करून घ्या.