परफॉर्मन्स इंजिनाला ऑइल फिल्टर कोणता लावायचा? गॅरेजच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

पुण्यात टर्बो पेट्रोल गाड्यांच्या गॅरेजमध्ये काम करतोय, आणि आयटीआय किंवा डिप्लोमा करून जी नवीन मुलं येतात त्यांना सगळ्यांना पहिल्याच आठवड्यात रिमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलणं) शिकायचा असतो, लॅपटॉप लावायचा असतो. मी त्यांना आधी ऑइल फिल्टरवर बसवतो. काहींना राग येतो, पण मला मनापासून वाटतं की फिल्टर कळला की इंजिनातलं तेल कुठून कुठे जातं ते कळतं, आणि ते कळल्याशिवाय पॉवर वाढवायला हात लावू नये. म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहून काढतोय.

सगळ्यात पहिला प्रश्न येतो तो "दादा, कुठला ब्रँड भारी?" हा प्रश्न शेवटी विचारायचा. आधी समोरच्या इंजिनाला फिल्टरचा कुठला प्रकार लागतो ते बघा. डब्याचा, म्हणजे अख्खा फिरवून बसवायचा स्पिन-ऑन, की नुसता कागदी कार्ट्रिज जो हाउसिंगमध्ये टाकून वर कॅप लावायची. एकाच कंपनीत एकाच फॅमिलीच्या इंजिनातसुद्धा हे बदलतं. फोक्सवॅगन-स्कोडाचं ईए८८८ घ्या, जुन्या लॉराच्या १.८ टीएसआयला वरून उलटा बसणारा डबा आहे आणि २०१७ च्या ऑक्टाव्हिया व्हीआरएसमधलं जनरेशन ३ चं इंजिन, जे २३० पीएस देतं, त्याला कार्ट्रिज. त्यामुळे "टीएसआयचा फिल्टर द्या" असं दुकानात जाऊन म्हणायचं नाही, चॅसी नंबर किंवा इंजिन कोडवरून पार्ट नंबर काढायचा आणि मगच दुकान गाठायचं.

डब्याच्या फिल्टरला आटे बघा. हा विषय मी प्रत्येक पोराला हातात फिल्टर देऊन दाखवतो, कारण ऐकून पटत नाही. बाजारात दोन साईज खूप कॉमन आहेत, एम२० बाय १.५ (२० मिलीमीटर व्यास आणि १.५ मिलीमीटर पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर) आणि पाऊण इंच १६ आटे (इंचाला १६). पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलीमीटर, म्हणजे एम२० पेक्षा जेमतेम एक मिलीमीटर बारीक, आणि पिचमध्ये पण फरक किती तर एकाची १.५ आणि दुसऱ्याची साधारण १.५९. आता एम२० चा फिल्टर पाऊण इंची स्टडवर (इंजिनातून बाहेर आलेली आट्यांची नळी) चढवला तर तो चढतो हो! गॅस्केट टेकतं, हाताला घट्ट पण लागतो, पण आटे एकमेकांत पूर्ण बसलेले नसतात आणि सकाळी गार इंजिन स्टार्ट केल्यावर तेलाचं प्रेशर ५-६ बारला गेलं की डबा सुटून सगळं तेल रस्त्यावर. म्हणून बसवायच्या आधी रिकामा स्टड आणि फिल्टर, दोन-तीन आटे फिरवून हलवून बघा, खुळखुळ वाटली की तिथेच थांबा. गॅस्केटचा व्यास पण जुन्या फिल्टरवर ठेवून ताडून बघा. ऑइल कूलरसाठी सँडविच प्लेट (इंजिन आणि फिल्टरच्या मधे बसणारी) लावलेली असेल तर अजून जास्त काळजी, कारण प्लेटच्या पुढचा स्टड आणि बसायची जागा मूळ इंजिनापेक्षा वेगळी असू शकते.

मग येतो बायपास व्हॉल्व्ह, आणि परफॉर्मन्स इंजिनात माझ्या मते हाच सगळ्यात दुर्लक्षित भाग. फिल्टर चोंदला किंवा तेल गार आणि जाड असलं तर कागदाच्या दोन बाजूंच्या प्रेशरमध्ये फरक वाढतो, तो ठरावीक मर्यादेच्या पुढे गेला की हा व्हॉल्व्ह उघडतो आणि तेल न गाळता सरळ इंजिनात जातं. घाणेरडं तेल बेरिंगला मिळालेलं परवडलं, तेलच न मिळणं नाही, असा तो हिशोब आहे. हा आकडा इंजिनप्रमाणे साधारण अर्ध्या बारपासून अडीच बारपर्यंत काहीही असतो. तुमच्या इंजिनाला जास्त सेटिंगचा लागतो आणि तुम्ही दिसायला सेम पण कमी सेटिंगचा लावला, तर रेव्ह वर नेल्यावर तो पुन्हा पुन्हा उघडणार, म्हणजे जेव्हा गाळलेलं तेल सगळ्यात जास्त हवंय नेमकं तेव्हाच कच्चं तेल आत. काही इंजिनांत हा व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये किंवा हाउसिंगमध्ये असतो, फिल्टरमध्ये नसतोच, तिथे तो आकडा शोधत बसू नका. डब्याचा आकार जुळला म्हणून फिल्टर जुळला असं कधीच समजायचं नाही, क्रॉस रेफरन्स करताना, म्हणजे एका कंपनीच्या नंबरवरून दुसऱ्या कंपनीचा नंबर काढताना, कॅटलॉगमध्ये बायपासचा आकडा वाचायचाच.

दुसरा व्हॉल्व्ह अँटी-ड्रेनबॅक, आत एक रबरी चकती असते, गाडी बंद केल्यावर फिल्टरमधलं तेल खाली चेंबरमध्ये (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) उतरू नये म्हणून. फिल्टर आडवा किंवा उलटा बसत असेल तर ही चकती चांगली हवीच, तोंड वर करून सरळ लटकत असेल तर फारसा फरक पडत नाही. स्वस्तात नायट्राइल रबर असतं ते गरम होऊन होऊन कडक होतं, सिलिकॉनचं जास्त टिकतं. टर्बो गाडीत मी सिलिकॉनचीच बघतो, टर्बोचा शाफ्ट लाख-दीड लाख आरपीएम आणि त्याच्याही पुढे तेलाच्या पातळ थरावर फिरतो, त्याला स्टार्टला तेल उशिरा पोहोचलेलं चालत नाही.

आता गाळण्याबद्दल. जाहिरातीत "२० मायक्रॉन" लिहिलेलं असतं, त्याला एकट्याला काही अर्थ नाही. २० मायक्रॉनचे कण किती टक्के पकडतो ते विचारा. आयएसओ ४५४८-१२ नावाची टेस्ट आहे, तिच्यावरून हा आकडा येतो. कुणी बीटा रेशो (फिल्टरच्या आधीचे कण भागिले नंतरचे कण) २ सांगितला तर त्याचा अर्थ निम्मेच कण अडतात, बीटा १०० असेल तर ९९ टक्के. दोघेही डब्यावर "२० मायक्रॉन" छापू शकतात! आणि हे का महत्त्वाचं, तर क्रँकशाफ्टच्या मेन बेरिंग आणि बिग एंड बेरिंगमधली क्लिअरन्स (फट) साधारण २५ ते ५० मायक्रॉनच्या घरात असते आणि लोड आल्यावर तेलाचा थर त्याहून कितीतरी पातळ होतो, त्यामुळे डोळ्याला न दिसणारे ५ ते २० मायक्रॉनचे कणच बेरिंग खातात. मोठा तुकडा तर कुठलाही फिल्टर अडवतो.

साधा सेल्युलोज कागद रोजच्या गाडीला, वेळेवर बदलणाऱ्याला पुरतो. रिमॅप केलेली, ट्रॅकवर जाणारी, तेल १२०-१३० डिग्रीला नेणारी गाडी असेल तर सिंथेटिक किंवा मिश्र मीडिया (गाळायचा थर) घ्या, तो उष्णतेला आणि तेलातल्या ओलाव्याला जास्त टिकतो, घाण पण जास्त धरतो.

आणि ते "हाय फ्लो" प्रकरण. पोरं स्टीलच्या जाळीचे धुवून वापरायचे फिल्टर मागवतात, रंगीत अॅल्युमिनियमची बॉडी, दिसायला एक नंबर. रेसिंगमध्ये त्यांना जागा आहे, तिथे इंजिन काही तासांनी उघडतंच, तेल जवळजवळ प्रत्येक इव्हेंटनंतर बदलतं. पण त्या जाळ्या बहुतेक ३० मायक्रॉनच्या पुढच्या असतात, आणि रोज हिंजवडी ते कोथरूड ट्रॅफिकमध्ये चालणाऱ्या गाडीला ती जाळी लावणं मला अजिबात पटत नाही. फ्लोचं म्हणाल तर ऑइल पंप प्रत्येक फेऱ्याला ठरावीक तेल ढकलतो, गरम तेल चांगल्या फिल्टरमधून जाताना प्रेशर थोडंसंच पडतं, गेजवर दिसणारे ४-५ बार तयार होतात ते पुढे बेरिंगच्या अडथळ्यामुळे. फिल्टर बदलून बेरिंगला जास्त तेल मिळेल ही समजूत सोडून द्या. कोईम्बतूरच्या कारी स्पीडवेवर किंवा चेन्नईच्या ट्रॅकवर लांब कॉर्नरमध्ये गेज खाली पडत असेल तर तेल चेंबरच्या एका बाजूला जातंय आणि पिकअप (पंपाची तेल ओढणारी नळी) उघडा पडतोय, त्याला बॅफल (चेंबरमधल्या आडपट्ट्या) लागतं, फिल्टर नाही.

उंच डबा लावायचा का? जागा असेल, बायपास आणि आटे तेच असतील तर हरकत नाही, कागद जास्त मिळतो. पण डबा क्रॉसमेंबरच्या (गाडीखालच्या आडव्या बीमच्या) खाली येत असेल तर आपल्याकडचे स्पीडब्रेकर बघता नको.

आता ज्यासाठी मी एवढं लिहायला बसलो ते. जुना फिल्टर टाकून देऊ नका, कापा. एक्सा ब्लेडने कापायचा नाही, त्याचाच चुरा आत पडतो आणि मग कळत नाही इंजिनाचा कुठला आणि ब्लेडचा कुठला. फिल्टर कटर मिळतो, पाइप कटरसारखा फिरवायचा, झाकण अलगद निघतं. आतला कागद ब्लेडने कडेने सोडवा, स्वच्छ फडक्यात गुंडाळून व्हाइसमध्ये दाबून तेल काढा आणि मग घडी उलगडून उन्हात धरा. एकेक घडी बघायची, घाई नाही. थोडे बारीक चमकणारे कण प्रत्येक इंजिनात येतात, घाबरायचं नाही. कागदाखाली मॅग्नेट फिरवा, जे हलतं ते लोखंडी, म्हणजे रिंग, कॅम, चेन किंवा पंपाकडून. न हलणारं पांढरट चमकदार दिसलं तर अॅल्युमिनियम, पिस्टन किंवा बेरिंग दोन्हीकडून येऊ शकतं कारण हल्ली खूप इंजिनांत बेरिंगच अॅल्युमिनियमचे असतात. तांब्याचा रंग दिसला तर बहुतेक बेरिंगचा वरचा थर गेलाय, ती गाडी पुन्हा स्टार्ट करू नका, चेंबर उतरवा. काळे प्लास्टिकचे तुकडे आले तर टायमिंग चेनचे गाइड तपासा. आणि सिलिकॉन सीलंटचे दोरे सापडले तर कुणीतरी चेंबर बसवताना ट्यूब रिकामी केलीय, ते दोरे पिकअपच्या जाळीत पण अडकलेले असणार. घड्या वाकड्या होऊन एकमेकांना चिकटल्या असतील, मधली नळी चेपली असेल, तर फिल्टरवर झेपणार नाही एवढं प्रेशर आलंय, एकतर फिल्टर चुकीचा नाहीतर बदलायला उशीर. नवीन बांधलेल्या इंजिनात तर पहिल्या अर्ध्या तासाच्या रनिंगनंतरच फिल्टर काढून कापायचा. प्रत्येक कापलेल्या कागदाचा फोटो, गाडी नंबर, किलोमीटर आणि तेलाचा ग्रेड एकत्र ठेवा, पुढच्या वेळी त्याच गाडीचा कागद शेजारी धरला की फरक लगेच डोळ्यात भरतो. हे शिकलेला पोरगा कुठल्याही गॅरेजमध्ये जाऊ दे, त्याला लोक विचारतात.

डुप्लिकेट मालाचं सांगतो. नाना पेठेत सगळं मिळतं, चांगलं पण आणि नकली पण, म्हणून बिल देणाऱ्या दुकानातून घ्या. माहले, मान, हेंगस्ट, बॉश यातला कुठलाही असली फिल्टर योग्य पार्ट नंबरचा असेल तर मी डोळे झाकून लावतो. बेस प्लेटची भोकं साफ कापलेली आहेत का, गॅस्केट खाचेत नीट बसलंय का, आत टॉर्च मारून घड्या सारख्या अंतरावर आहेत का ते बघा. नकलीत घड्या कमी आणि वेड्यावाकड्या असतात.

बसवताना जुनं गॅस्केट इंजिनाला चिकटून राहिलं नाही ना ते बोटाने फिरवून तपासा, दोन गॅस्केट एकावर एक आली की गळती नक्की. नवीन गॅस्केटला तेल लावा, टेकल्यावर हातानेच साधारण पाऊण फेरा, पान्याने आवळायचं नाही. के अँड एनच्या काही फिल्टरवर नट असतो तो मुख्यतः काढायला सोयीचा, त्यातलं भोक रेसमध्ये सेफ्टी वायर बांधायला. कार्ट्रिज असेल तर ओ-रिंग दरवेळी नवीन, आणि तीही बरोबर खाचेत. कॅपवरच टॉर्क लिहिलेला असतो, खूप गाड्यांत २५ न्यूटन मीटर, तेवढाच द्या, प्लास्टिक आहे ते. चुकीचा कार्ट्रिज नीट बसला नाही तर बाहेर एक थेंबही गळत नाही, तेल फक्त कागदाच्या बाजूने न गाळता निघून जातं आणि पुढच्या सर्व्हिसला कागद नव्यासारखा स्वच्छ निघतो. दहा हजार किलोमीटरनंतर स्वच्छ कागद दिसला तर खूश होऊ नका, पार्ट नंबर परत तपासा.