कोल्हापुरात रस्त्यावरचे उत्सव बघायचे तर असं करा

सगळ्यात आधी गाडी लांब लावा आणि पायी फिरा, कारण उत्सवाच्या दिवशी महाद्वार रोडला गाडी घालून काही उपयोग नाही.

माझ्या मते सुरुवात अंबाबाईच्या रथोत्सवापासून करावी. जोतिबाच्या चैत्र यात्रेच्या दुसऱ्या दिवशी रात्री रथ निघतो, पण तुम्ही संध्याकाळीच जा, कारण गुजरी, भवानी मंडप, मिरजकर तिकटी या वाटेवर लोक रांगोळ्या काढत बसलेले असतात आणि ते बघण्यात जो आनंद आहे तो नंतरच्या गर्दीत मिळत नाही. रांगोळीवर पाय पडू देऊ नका, लई मेहनत असते त्यात. काढणाऱ्याला विचारा, रंग भरायला हात लावू का, बहुतेकदा हो म्हणतात आणि मग तुम्ही त्या गल्लीचेच होऊन जाता.

नवरात्रात ललिता पंचमीला देवीची पालखी टेंबलाईच्या टेकडीवर जाते, तिथं कोहळा फोडतात, त्याच्या तुकड्यासाठी जोरात झुंबड उडते, म्हणून लहान पोरं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर कडेलाच थांबा.

दसऱ्याला सूर्यास्ताआधी दसरा चौक गाठा. शमीपूजन झालं की सोनं लुटतात, मग ओळख असो नसो, आपट्याचं पान पुढं करायचं.

त्रिपुरारीला मात्र पहाटेच उठा, पंचगंगा घाटावर पणत्या लावायच्या असतात. तेल आणि वाती घरनंच न्या, आणि परत येताना एक गरम मिसळ.