अटकेची नोंद कुठे पाहावी आणि ती कशी दुरुस्त करून घ्यावी : ठाणे व नवी मुंबईतील रहिवाशांसाठी

कळव्यातील माझ्या ओळखीच्या एका तरुणाला नोकरीसाठी चारित्र्य पडताळणीचे प्रमाणपत्र हवे होते. सोसायटीतील पार्किंगवरून झालेल्या हाणामारीत काही वर्षांपूर्वी त्याचे नाव गोवले गेले होते, एक रात्र त्याने कोठडीत काढली होती आणि पुढे न्यायालयाने त्याची निर्दोष मुक्तता केली होती. तरीही पडताळणीच्या शेऱ्यात ‘प्रकरण न्यायप्रविष्ट’ असेच आले. निकालाची प्रत त्याच्या घरी, कपाटात, जुन्या लाइट बिलांच्या पिशवीत घडी घालून ठेवलेली होती. ज्या पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला होता तेथे ती कोणी नेऊन दिलीच नव्हती. निकाल लागला की तो जिथे पोहोचायला हवा तिथे आपोआप पोहोचतो, अशी त्याची समजूत होती. ही समजूत मी अनेकांकडे पाहिली आहे आणि तिच्यामुळे निर्दोष सुटलेल्या माणसांची झालेली परवडही पाहिली आहे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

अटकेची नोंद एका जागी नसते. ती पोलीस ठाण्याच्या रजिस्टरमध्ये असते, सीसीटीएनएस या पोलिसांच्या संगणकीय प्रणालीत असते, न्यायालयाच्या अभिलेखात असते आणि बातमी छापून आली असेल तर इंटरनेटवरही असते. प्रत्येक ठिकाणी ती पाहण्याची आणि दुरुस्त करून घेण्याची रीत वेगळी आहे.

आधी पोलीस ठाणे नक्की करा

आपल्या भागात शोध चुकतो तो बहुधा येथेच. ठाणे पोलीस आयुक्तालयात ठाणे शहर, कळवा, मुंब्रा, भिवंडी, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येतात. मुरबाड, शहापूर हा भाग ठाणे ग्रामीण पोलिसांकडे आहे. मीरा-भाईंदर २०२० पासून वसई-विरारसह स्वतंत्र आयुक्तालयात गेले आहे. नवी मुंबई आयुक्तालयाची हद्द वाशी-बेलापूरपाशी संपत नाही, तर पनवेल आणि उरणपर्यंत जाते. त्यामुळे खारघर किंवा कामोठे येथील गुन्ह्याचा तपास नवी मुंबई पोलीस करतात, पण खटला पनवेलच्या न्यायालयात चालतो आणि ते न्यायालय रायगड जिल्ह्यात मोडते. ई-कोर्ट्सवर, म्हणजे न्यायालयीन प्रकरणे शोधण्याच्या संकेतस्थळावर, ठाणे जिल्हा निवडून असे प्रकरण शोधत बसलात तर ते कधीच सापडणार नाही. वाशी, नेरूळ किंवा ऐरोलीचे प्रकरण मात्र बेलापूरच्या न्यायालयात, म्हणजे ठाणे जिल्ह्यातच सापडेल. घटना रेल्वेच्या फलाटावर किंवा लोकलमध्ये घडली असेल तर गुन्हा लोहमार्ग पोलिसांकडे दाखल होतो. ठाणे स्थानकावरच्या भांडणाचा गुन्हा नौपाडा पोलीस ठाण्यात शोधण्यात अर्थ नाही.

नोंद पाहण्याची रीत

भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम ३७ नुसार प्रत्येक जिल्ह्यात आणि प्रत्येक पोलीस ठाण्यात सहायक उपनिरीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या एका अधिकाऱ्यावर अटक झालेल्यांची नावे, पत्ते आणि गुन्ह्याचे स्वरूप यांची माहिती ठेवण्याची जबाबदारी आहे आणि ती माहिती ठळकपणे, डिजिटल स्वरूपातही, लावायची आहे. म्हणून घरातल्या कोणाला पोलीस घेऊन गेले आणि ठावठिकाणा कळत नसेल, तर ठाणे अंमलदाराकडे जाऊन या नोंदीची मागणी करणे हा आपला हक्क आहे, उपकार नव्हे.

महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर ‘प्रकाशित एफआयआर’ आणि ‘अटक आरोपी’ अशा दोन सोयी आहेत. पोलीस घटक, पोलीस ठाणे आणि तारखांचा कालावधी निवडून शोध घेता येतो. सर्वोच्च न्यायालयाने ७ सप्टेंबर २०१६ रोजी दिलेल्या आदेशानुसार एफआयआर नोंदवल्यापासून २४ तासांत संकेतस्थळावर टाकायचा असतो आणि दुर्गम भागातील अडचणींमुळे ही मुदत ७२ तासांपर्यंत जाऊ शकते. लैंगिक अत्याचार, पॉक्सो, दहशतवाद यांसारखी संवेदनशील प्रकरणे यातून वगळलेली आहेत, त्यामुळे पोर्टलवर दिसले नाही म्हणजे गुन्हा नाहीच, असे समजू नये. त्याच आदेशानुसार आरोपी किंवा त्याच्या वतीने कोणीही अर्ज केल्यास पोलिसांनी २४ तासांत प्रत द्यायची असते.

न्यायालयातील स्थिती ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर पक्षकाराच्या नावाने, एफआयआर क्रमांकाने किंवा सोळा अक्षर-अंकांच्या सीएनआर क्रमांकाने (प्रत्येक प्रकरणाला मिळणारा स्वतंत्र क्रमांक) दिसते. नावाने शोधताना स्पेलिंगचे दोन-तीन प्रकार करून पाहावेत, कारण ‘शिंदे’ आणि ‘गायकवाड’ ही आडनावे इंग्रजीत कशी टंकलेली असतील याचा भरवसा नसतो. सीएनआर क्रमांक मिळाला की तो वहीत उतरवून ठेवावा.

स्वतःविषयीची माहिती पोर्टलवर सापडत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा. शुल्क १० रुपये आहे, एका अर्जात एकच विषय आणि सुमारे १५० शब्द इतकी राज्याच्या नियमांची मर्यादा आहे आणि उत्तर ३० दिवसांत अपेक्षित असते. तपास सुरू असेल तर कलम ८ चे कारण देऊन काही भाग नाकारला जाऊ शकतो. भाडेकरूची किंवा भावी सुनेची माहिती काढण्यासाठी हा मार्ग वापरू पाहणाऱ्यांना खासगी माहितीच्या कारणावरून नकार येतो, आणि तो यायलाच हवा. अटक म्हणजे दोषसिद्धी नव्हे, हे भाडेकरू ठेवताना आणि लग्न ठरवताना आपण फार लवकर विसरतो.

मिटवणे म्हणजे नेमके काय

परदेशी संकेतस्थळांवर वाचून अनेक जण ‘रेकॉर्ड पुसून देणारा अर्ज’ विचारत येतात. प्रौढ व्यक्तीची अटकेची सगळी नोंद एका अर्जाने पुसून टाकणारा असा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. प्रकरण कसे संपले यावर पुढचे सगळे अवलंबून असते.

तपासातच काही निष्पन्न झाले नाही तर महाराष्ट्रात पोलीस ‘समरी’, म्हणजे तपास बंद करण्याचा अहवाल, दंडाधिकाऱ्यांकडे पाठवतात. गुन्हा घडला पण आरोपी सापडला नाही किंवा पुरावा मिळाला नाही, तर ‘ए’. तक्रार खोटी आणि द्वेषबुद्धीची असेल तर ‘बी’. गैरसमजातून झालेली किंवा मुळात दिवाणी स्वरूपाची असेल तर ‘सी’. येथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. तपास अधिकाऱ्याने ‘तुमचे सी समरी केले’ असे तोंडी सांगितले म्हणजे प्रकरण संपत नाही. दंडाधिकारी तक्रारदाराला म्हणणे मांडण्याची संधी देतात आणि अहवाल स्वीकारल्याचा आदेश करतात. तो आदेश झाल्यावरच प्रकरण बंद होते. त्या आदेशाची प्रमाणित प्रत न घेताच कित्येक जण निश्चिंत होतात.

एफआयआरच मुळात तकलादू असेल, किंवा दोन्ही पक्षांत खरोखर समेट झाला असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली मुंबई उच्च न्यायालयात तो रद्द करून घेता येतो. शेजाऱ्यांची भांडणे, कौटुंबिक वाद, पैशांचे व्यवहार यांत तक्रारदाराच्या संमतीचे प्रतिज्ञापत्र महत्त्वाचे ठरते. खून, बलात्कार, दरोडा यांसारखे गुन्हे मात्र समेटावर रद्द होत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये स्पष्ट केले आहे. किरकोळ स्वरूपाचे काही गुन्हे त्याच संहितेच्या कलम ३५९ खाली खालच्या न्यायालयातच आपसात मिटवता येतात आणि अशा तडजोडीचा परिणाम निर्दोष मुक्ततेइतकाच असतो. खटल्यात डिस्चार्ज (आरोप निश्चित होण्याआधीच आरोपातून मुक्तता) किंवा निर्दोष मुक्तता झाली तर एफआयआरचा कागद नाहीसा होत नाही, पण त्यापुढे निकालाची नोंद व्हायला हवी आणि पडताळणीत तीच वाचली गेली पाहिजे.

बोटांचे ठसे, फोटो आणि इतर मोजमापांसाठी २०२२ चा स्वतंत्र कायदा आहे. ही मापे ७५ वर्षे जतन होतात. मात्र पूर्वी शिक्षा न झालेली व्यक्ती खटल्याविना सुटली असेल, किंवा सर्व अपिले संपल्यावर डिस्चार्ज वा निर्दोष ठरली असेल, तर न्यायालयाने लेखी कारणे देऊन वेगळा आदेश दिला नसल्यास ती नष्ट करायची असतात. त्यासाठीची विनंती राज्याने नेमलेल्या नोडल अधिकाऱ्याकडे करावी लागते. हा हक्क फार थोडे लोक बजावतात.

मुलांच्या बाबतीत कायदा खऱ्या अर्थाने मायेचा आहे. घटनेच्या दिवशी वय १८ च्या आत असेल तर बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम २४ नुसार दोष सिद्ध झाला तरी कोणतीही अपात्रता चिकटत नाही आणि अपिलाची मुदत संपल्यावर अभिलेख नष्ट करायचा असतो; सोळा वर्षांवरील मुलावर निर्घृण गुन्ह्यासाठी प्रौढाप्रमाणे खटला चाललेला असेल तर हा अपवाद ठरतो. प्रकरण निकाली निघाले असल्यास कलम ७४ प्रमाणे चारित्र्य प्रमाणपत्रासाठी ती नोंद पोलिसांनी उघड करता कामा नये. पालकांनी वयाचा दाखला आणि बाल न्याय मंडळाचा आदेश एकत्र जपून ठेवावा.

निकाल स्वतः नेऊन द्या

आता सगळ्यात महत्त्वाचे काम. न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज करून निकालाच्या किमान तीन प्रमाणित प्रती घ्याव्यात. वरिष्ठ पोलीस निरीक्षकांच्या नावे साधा अर्ज लिहावा : गुन्हा रजिस्टर क्रमांक व वर्ष, खटल्याचा क्रमांक, निकालाची तारीख, आणि ‘सदर निकालाची नोंद पोलीस ठाण्याच्या अभिलेखात व सीसीटीएनएसमध्ये घेण्यात यावी’ ही विनंती. आपल्या स्थळप्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय तेथून निघू नये. ‘ठेवून जा, करतो’ या शब्दांवर विसंबून राहिलेल्यांचे अर्ज पुढे सापडत नाहीत. महिनाभरात काही झाले नाही तर पोच जोडून परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांकडे अर्ज करावा आणि सोबत माहिती अधिकारात ‘माझ्या अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर काय कार्यवाही झाली’ एवढेच विचारावे. कळव्याच्या त्या तरुणाचे काम या दुसऱ्या अर्जानंतर झाले.

नोकरीच्या साक्षांकन नमुन्यात (अटेस्टेशन फॉर्ममध्ये) अटकेविषयी प्रश्न असेल तर उत्तर खरेच द्यावे आणि निकालाची प्रत जोडावी. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये यावर तपशीलवार विचार केला असून, मूळ प्रकरण क्षुल्लक असले तरी जाणूनबुजून केलेली लपवाछपवी उमेदवाराच्या अंगाशी येऊ शकते. पासपोर्टसाठी न्यायालयात खटला प्रलंबित असेल तर १९९३ च्या अधिसूचनेनुसार त्या न्यायालयाची परवानगी घेऊन अर्ज करता येतो. आदेशात मुदत लिहिलेली नसेल तर पासपोर्ट एक वर्षाचा मिळतो, म्हणून परवानगी मागतानाच मुदतीचा उल्लेख करायला वकिलांना सांगावे.

इंटरनेटवरील जुन्या बातमीसाठी आधी त्या वृत्तसंस्थेला निकालाची प्रत जोडून लेखी विनंती करावी, की बातमी काढावी किंवा निदान तिच्याखाली निकाल छापावा. दुसरी मागणी बहुधा लवकर मान्य होते. न झाल्यास उच्च न्यायालयाचा मार्ग आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये निर्दोष सुटलेल्या एका व्यक्तीचा निकाल सर्च इंजिनमधून दिसू नये असा अंतरिम आदेश दिला होता, पण या प्रश्नावर सर्व न्यायालयांचे मत सारखे नाही आणि खर्चही बराच येतो. त्याआधी पोलीस ठाण्याची आणि ई-कोर्ट्सवरची नोंद बरोबर आहे ना, हे पाहावे, आणि मगच चारित्र्य पडताळणीचा नवा अर्ज भरावा.