नवकंकरी: आमच्या घरची पद्धत

नवकंकरी हा दोघांनी पटावर सोंगट्यांनी खेळायचा खेळ. त्याचा पट विकत आणू नका. पत्रिकेच्या खोक्याचा जाड पुठ्ठा घ्या. त्यावर एकात एक तीन चौकोन काढा आणि चारही बाजूंचे मध्य सरळ रेघांनी जोडा. कोपऱ्यांना तिरक्या रेघा नकोत. एकूण 24 ठिकाणं होतात. सोंगट्या दोघांना नऊ-नऊ. आमच्याकडे एकाला चिंचोके, दुसऱ्याला शर्टाची जुनी बटणं.

आळीपाळीने एकेक सोंगटी मांडायची. रेघेवर लागून तीन आपल्या आल्या की ओळ लागली, मग समोरच्याची एक उचलायची. ओळीतली मात्र उचलायची नाही, दुसरी नसेल तरच. सगळ्या मांडून झाल्या की रेघेवरून शेजारच्या रिकाम्या जागी सरकवायचं. दोनच उरल्या किंवा सरकायलाच जागा नाही, तर हरलात.

नवा माणूस मांडतानाच ओळी लावायला धावतो. माझा धाकटा दीर अजूनही तेच करतो आणि मग कोपऱ्यात अडकून बसतो. हिशोब बघा ना: एकही सोंगटी उचलली गेली नाही, तर अठरा मांडल्यावर जागा उरतात सहाच. कोपऱ्यातून सुटायला दोन वाटा, मधल्या चौकोनाच्या बाजूंच्या मध्यावरून चार. अशा चार जागा आहेत. त्यांतल्या दोन तरी धरा. समोरच्याच्या दोन एका रेघेत दिसल्या आणि तिसरी जागा मोकळी असली, की आधी ती अडवा. आपली ओळ नंतर.

खरी मजा चालत्या ओळीत. बाहेरच्या चौकोनाच्या वरच्या बाजूचे दोन्ही कोपरे तुमचे, त्याखालच्या मधल्या चौकोनाचेही दोन्ही वरचे कोपरे तुमचे. पाचवी सोंगटी या दोन बाजूंच्या मध्यांवर खाली-वर करत राहायची. खाली आली की खालची ओळ, वर गेली की वरची. दर खेपेला समोरच्याची एक जाते. सासूबाई हे इतक्या शांतपणे करतात, की आपल्याला कळेपर्यंत चार चिंचोके त्यांच्या मांडीवर जमलेले असतात. यावर उपाय एकच, ते जुळून यायच्या आत मोडायचं. त्या दोन मध्यांपैकी एकावर आपली सोंगटी ठेवली तरी पुरते, फक्त ती उचलली जाणार नाही हे बघा.

तीनच उरलेल्याला कुठेही उडी मारता येते, हा नियम आम्ही ठेवलाय. त्यामुळे चारवरून तीनवर आणायची घाई नको. उडणारा माणूस तुमची एक ओळ सहज अडवतो. दोन ठिकाणी ओळ लागायच्या बेतात ठेवा आणि मगच चौथी उचला. त्याच्या दोन आधीच एका रेघेत नाहीत ना, हेही पाहा, नाहीतर उडी मारून तोच ओळ लावेल.

1993 साली राल्फ गासर यांनी कॉम्प्युटरवर दाखवून दिलं, की दोघंही बिनचूक खेळले तर डाव बरोबरीत सुटतो. सासूबाईंना सांगितलं. “मग त्याला बसव की समोर,” म्हणाल्या.

आणि घरचा नियम आधीच सांगून टाका: हात सुटला की खेळी झाली. मुलांनाही सूट नाही. तीच ती चाल पुन्हापुन्हा व्हायला लागली, की डाव बरोबरीत सोडून ताटं घ्यायची.