बटण दिसत होतं, तरी कोडला ते सापडत नव्हतं

एचटीएमएल येतं, सीएसएस बऱ्यापैकी जमतं आणि आता पानात जावास्क्रिप्ट घालायची आहे, अशा टप्प्यावर असाल तर हे वाचा. मी इथेच चार दिवस अडकले होते.

पानावर एकच बटण होतं. ते दाबलं की खालची ओळ बदलायची, बस. स्क्रिप्ट टॅग मी हेडमध्ये लिहिला, कारण सीएसएसची लिंकही तिथेच असते. बटण दाबलं, काहीच होईना. आयडी अक्षर न् अक्षर ताडून पाहिला. क्लासमधल्या सरांनी चालणारा कोड पाठवला, ‘हा पेस्ट कर’ म्हणाले. तो चालला. का चालला, ते कळलं नाही आणि पुढच्या पानावर पुन्हा तेच रडगाणं. आयता कोड घेऊ नका. देणारा कितीही भला असो, घेऊ नका.

ब्राउझर पान वरून खाली वाचत येतो. वाटेत साधा स्क्रिप्ट टॅग लागला की वाचन थांबवून आधी तो कोड चालवतो. माझा कोड चालला तेव्हा बॉडीतलं बटण तयारच झालेलं नव्हतं. आयडीने शोधल्यावर हाती आलं नल, म्हणजे ‘काहीच सापडलं नाही’, आणि नलला क्लिक जोडायला गेल्यावर कोड तिथेच थांबला. आपण बघतो तोवर पान पूर्ण झालेलं असतं, म्हणून बटण डोळ्यांना दिसतं. मी फसले ती इथे.

मग टॅगमध्ये डिफर टाकलं, म्हणजे ‘पान वाचून झाल्यावरच कोड चालव’ ही सूचना, तरी तेच! साध्या स्क्रिप्टमध्ये डिफर फक्त एसआरसीने जोडलेल्या वेगळ्या फाइलला लागू होतं. टॅगच्या आतच कोड लिहिला असेल तर ब्राउझर ते गुपचूप सोडून देतो. म्हणून कोड वेगळ्या जेएस फाइलमध्ये हलवा, एसआरसीत तिचं नाव द्या आणि सोबत डिफर लिहा. नाहीतर टॅग बॉडी संपायच्या जरा आधी ठेवा, तेही चालतं. फक्त एसआरसी असलेल्या टॅगच्या आत आणखी कोड लिहू नका, तो चालवलाच जात नाही.

घाबरू नका, हे एका दुपारी समजतं. एफ १२ दाबून कन्सोल, म्हणजे ब्राउझरची चुका दाखवणारी खिडकी, उघडा. चार दिवस माझी चूक तिथे लाल अक्षरांत लिहिलेली होती आणि मला तो उघडायला कुणी सांगितलंच नव्हतं. बटण शोधणारी ओळ काय देते ते कन्सोलवर छापून बघा. टॅग आधी डिफर न लावता हेडमध्ये ठेवा, मग बॉडीच्या तळाशी. एकदा नल दिसेल, एकदा तुमचं बटण.